राण्यांचे माहेर

नाशिककराला पाणी म्हणजे गंगा. गोदावरी हे तिचे नाव भूगोलाच्या पुस्तकातले. घरात, घाटावर आणि भाजीबाजारात तिला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही. समुद्र आम्हांला वर्षा-दोन वर्षांनी मुंबईच्या चौपाटीवर भेळ खाताना दिसतो तेवढाच. त्यामुळे जहाजे, बंदरे आणि भरती-ओहोटी या विषयांतले आमचे अज्ञान अगदी निर्भेळ! अशा माणसाला २०१५ सालच्या मे महिन्यात लिव्हरपूलच्या बंदरात तीन जगप्रसिद्ध आगबोटींचा मेळा पाहायला मिळाला, हा योगच म्हणायचा.

माझी थोरली बहीण तिथे राहते. लिव्हरपूल मर्सी नदीच्या पूर्व तीरावर आणि ताईचे घर पश्चिम तीरावर, वॉलसी नावाच्या गावात. आमच्या हिशेबाने सांगायचे तर गाव नाशकात आणि बिऱ्हाड पंचवटीत. मी गेलो होतो एका घरगुती कामासाठी. पण विमानतळावरून घरी नेतानाच दाजी म्हणाले, "तुमचे कागद राहू द्या दोन दिवस. सोमवारी राण्या येताहेत."

या राण्या म्हणजे 'क्वीन मेरी २', 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'क्वीन व्हिक्टोरिया'. तिघीही क्युनार्ड कंपनीच्या. सॅम्युअल क्युनार्ड हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा व्यापारी. अटलांटिकपलीकडे टपाल नेण्याचा इंग्रज सरकारचा मक्ता त्याने मिळवला आणि ४ जुलै १८४० रोजी त्याची 'ब्रिटानिया' ही लाकडी, चाकांची आगबोट लिव्हरपूलहून निघाली. हॅलिफॅक्सवरून बोस्टनला पोहोचायला तिला साधारण चौदा दिवस लागले. बोटीवर उतारूंना ताजे दूध मिळावे म्हणून एक गायही घेतली होती. त्या काळच्या अटलांटिकच्या लाटा आणि ती गाय यांची भेट कशी झाली असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. त्या प्रवासाला १७५ वर्षे पूर्ण होत होती, म्हणून हा समारंभ.

'क्वीन मेरी २' आदल्या दिवशी, रविवारीच येऊन धक्क्याला लागली होती. आम्ही फेरीबोटीने पलीकडे गेलो. ३४५ मीटर लांबीची बोट! 'ब्रिटानिया' तिच्यापुढे पाच वेळा ठेवावी, तरी थोडी जागा उरेल. खालून वर पाहताना ती बोट आहे असे वाटतच नाही. एखाद्या उपनगराची सगळी गॅलऱ्यांची घरे एका रांगेत उभी केल्यासारखे वाटते. लोक फोटो काढीत होते. मीही काढला. त्यात बोटीचा एक तुकडा आणि दाजींचा कान आला.

पण त्या दिवशी मला खरे थांबवले ते धक्क्याजवळच्या एका दगडी स्तंभाने. 'टायटॅनिक' बुडत असताना शेवटपर्यंत खाली इंजिनाशी उभे राहून दिवे चालू ठेवणाऱ्यांचे हे स्मारक १९१६ साली उभारले. पुढे युद्धात समुद्रावर मेलेल्या इंजिनखोलीतल्या साऱ्यांसाठीच ते झाले. त्यावर भट्टीत कोळसा टाकणारे उघड्या छातीचे कामगार कोरले आहेत. बोटीच्या पोटातल्या माणसाला दगडात जागा मिळालेली मी प्रथमच पाहिली. आपल्याकडे मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ.च्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल, आणि जेवणघरात गोव्याचे लोक. मुंबईत मस्जिद बंदराजवळ खलाशांच्या वसतिगृहात, महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे. इतकी वर्षे मुंबईला जातो, पण माझे पाय तिकडे कधी वळले नव्हते.

तिथेच जवळ उभे राहून आणखी एक गोष्ट आठवली, ती मराठी शिकवणाऱ्याला आठवणारच. १८८६ च्या हिवाळ्यात याच बंदरातून पंडिता रमाबाई आपल्या चिमुकल्या मुलीला घेऊन अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या, त्या पदवीदानाला हजर राहण्यासाठी. वय सत्तावीस. बोटीचे नावही पाहा: 'ब्रिटिश प्रिन्सेस'! रमाबाईंचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले, आणि त्या प्रवासवृत्ताची सुरुवातच लिव्हरपूलपासून आहे. वर्गात मी ते नाव अनेकदा उच्चारले होते. पण लिव्हरपूल म्हणजे अशी भुरकट, चिखलाच्या रंगाची नदी, तोंडावर बोचणारा वारा आणि डोक्यावर ओरडणारे पक्षी, हे पुस्तकातून हाती लागले नव्हते. आम्ही गेलो होतो मे महिन्यात, आणि तरी मी ताईच्या नवऱ्याचा स्वेटर घातला होता.

सोमवार, २५ मे. त्या दिवशी तिकडे सार्वजनिक सुटी असते. आम्ही सकाळीच वॉलसीच्या काठावर जागा धरली. गर्दीच्या बाबतीत मात्र नाशिककराला कोणी शिकवू नये. त्याच वर्षी जुलैत रामकुंडावर सिंहस्थाची ध्वजा चढायची होती. निघताना घाटावरची कामे आणि बांबूंचे कठडे पाहूनच मी निघालो होतो. त्या तीन दिवसांत दोन्ही तीरांवर मिळून दहा लाखांहून अधिक माणसे आली, असे नंतर सांगण्यात आले. मला ते खरे वाटते. फरक इतकाच, की इथे पाण्यात कोणी उतरत नव्हते. बाकी सगळे तेच: खांद्यावर पोरे, घडीच्या खुर्च्यांवर आज्या, कोणाचा तरी हरवलेला मुलगा, आणि पुढच्या माणसाने छत्री मिटावी म्हणून मागून चाललेला आरडाओरडा. ताईने थर्मासमध्ये आल्याचा चहा आणला होता आणि मी नेलेला नाशिकचा चिवडा पुड्यातून फिरत होता.

'क्वीन मेरी २' नदीच्या मुखाकडे जाऊन दोघी धाकट्यांना घेऊन आली. प्रथम क्षितिजावर नुसता काळा-पांढरा ठिपका, मग त्यामागे दुसरा, मग तिसरा. बराच वेळ त्या जवळ येतच नाहीत असे वाटले. आणि मग एकदम त्या समोरच होत्या. पलीकडच्या तीरावरच्या तीन जुन्या भव्य इमारती, त्यांतली मधली खुद्द क्युनार्डची, बोटींच्या आड एकेक करून गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. मग भोंगा झाला. तो कानाने ऐकायचा आवाजच नव्हे. तो पोटात ऐकू येतो. ताईने माझा हात घट्ट धरला. लहानपणी नाशिकरोडच्या फलाटावर इंजिन आत येताना धरायची तसा.

त्यानंतरचा प्रकार मला अजून अद्भुत वाटतो. किलोमीटरभर रुंदीच्या त्या पात्रात या तिन्ही प्रचंड बोटी जागच्या जागी फिरल्या, फुगडीत फिरावे तशा. माझ्या भाच्याने, वय वर्षे बारा, मला समजावून सांगितले, "मामा, ह्यांना सुकाणू नसतंच." तळाशी विजेवर चालणारे पंखे लोंबत असतात, ते हवे त्या दिशेला वळवले की बोट वळते. वर आकाशात रेड अ‍ॅरोजची विमाने रंगीत धूर सोडून गेली, पण त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

शेजारी कुत्रा घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गर्दीकडे मान उडवून ते म्हणाले, "सगळं गाव डूलॅली झालंय!"

मी चमकलो. शब्द इंग्रजीतला, अर्थ 'वेडे झाले आहे'. पण तो शब्द आमच्या घरापासून काही मैलांवर जन्मला! इंग्रजांच्या काळी मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत राहत. बोटींचा हंगाम हिवाळ्याचा. तो चुकला की पुढच्या हंगामापर्यंत काम नाही, घर नाही, नुसता उन्हाळा. त्यात काहींची डोकी फिरत. त्याला ते 'देवळालीचा ताप' म्हणू लागले. त्यांच्या 'डूलॅली टॅप'मधला 'टॅप' म्हणजे दुसरे काही नसून आपला ताप! मी हे त्या गृहस्थांना सांगितले. देवळाली नावाचे खरोखरचे स्टेशन आहे आणि मी तिथून रोजच्यासारखा जातो-येतो, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी म्हणाले, "मग तिथली माणसं काय म्हणतात वेड लागल्याला?" याचे उत्तर मला पटकन देता आले नाही.

परतताना दाजींनी एक पिन टोचलीच. ते हिशेबी माणूस. म्हणाले, "हा सगळा कौतुकाचा भाग झाला. पण यांतली एकही बोट इथे बांधलेली नाही. एक फ्रान्सची, दोन इटलीच्या. कंपनीने मुख्य वाहतूक १९१९ सालीच साउदम्प्टनला नेली, कचेरी १९६७ मध्ये गेली. १९९८ पासून मालक अमेरिकन. आणि मागे नाव वाचलंत? हॅमिल्टन! म्हणजे बर्म्युडा." शिवाय तिघींपैकी खरी अटलांटिक ओलांडायची बोट एकटी 'मेरी'च, उरलेल्या दोघी समुद्रावर हिंडवून आणणाऱ्या. आकडे सगळे बरोबर होते. पण आदल्याच दिवशी आम्ही आल्बर्ट डॉकजवळ 'लुसिटानिया'चा पंखा पाहिला होता. तीही क्युनार्डचीच बोट. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणतीराने ती अठरा मिनिटांत बुडवली आणि जवळजवळ बाराशे माणसे गेली. तिच्यावरचे कितीतरी कामगार याच गोदीच्या गल्ल्यांतले. शंभर वर्षांनी त्या गल्ल्यांतून आलेल्या लोकांना बोटीची नोंदणी बर्म्युडाची की कुठली, याचे काय!

ताई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माहेरपणाला आल्यात त्या. माहेर काय सातबारा बघून ठरतं?"

मी काहीच बोललो नाही. कारण माझ्या बॅगेत जे कागद होते ते आमच्या नाशिकच्या घराचेच. गंगेपासून हाकेच्या अंतरावरचा जुना वाडा, मागचा भाग खचलेला, भाडेकरू निघून गेलेले. बांधकाम करणाऱ्याला तो द्यायचा आणि त्या जागी होणाऱ्या इमारतीत एकेक फ्लॅट घ्यायचा असे ठरत आले होते. ताईची सही तेवढी बाकी होती. दोन पावसाळ्यांत भिंत पडली असती. तिलाही ते ठाऊक होते. पण आईवडिलांमागे वर्षाआड येऊन ती उतरत असे ती त्याच ओटीवर. फ्लॅटची किल्ली तिला मिळणार होती, पण किल्ली लावून माहेरी कोण जाते?

सही तिने बुधवारी केली. चष्मा लावून सगळी पाने वाचली, दोन ठिकाणी दाजींना विचारले आणि सही केली. अट एकच घातली: ओटीवरच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या विकायच्या नाहीत. त्या आज माझ्याकडे आहेत. नव्या घराच्या छतात तसे आकडे बसत नाहीत असे मिस्त्री म्हणाला, म्हणून माळ्यावर आहेत. ताई आली की दर खेपेला खाली काढून चिंच लावून घासते आणि पुन्हा वर ठेवते.

क्युनार्डची चौथी राणी, 'क्वीन ॲन', पुढे समुद्रावर आली. ३ जून २०२४ रोजी तिचे बारसे झाले ते लिव्हरपूललाच. भाचा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असे. पण त्या दिवशी तो मुद्दाम आला आणि आईला घेऊन काठावर गेला. तिथून त्याने मला भोंग्याची चित्रफीत पाठवली. मी ती स्वयंपाकघरात लावली. सौभाग्यवतींनी विचारले, "मिक्सर कोणी चालू केला?"