फुफींच्या घरचा थाळा

मुंब्र्याहून पहाटे निघालो, तेव्हा पिशवीत बिस्किटं, वेफर्स आणि नूडल्सची पाकिटं होती. ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडली. रोहा यायच्या आत मुलांनी निम्मी पिशवी रिकामी केली. आम्ही काही बोललो नाही. घरीही आमचं असंच चालतं. कुणी पहाटेची लोकल पकडतं, कुणी रात्री दहाला परततं. ज्याला भूक लागेल तो पाकीट फोडतो आणि मोबाइल समोर ठेवून खातो.

चिपळूणला उतरून रिक्षानं गोवळकोटच्या बाजूला, वाशिष्ठीच्या खाडीकाठी फुफींच्या घरी पोहोचलो. आम्ही येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच सांदणांची तयारी केली होती. तांदूळ भिजवून वाटायचे, नारळाचं पाणी घालून पीठ रात्रभर आंबू द्यायचं, सकाळी त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून वाट्यांमध्ये वाफवायचं. घाई केली की सांदण फुगत नाही.

दस्तरखान अंथरलं, मधोमध मोठा थाळा आला. मुलांनी एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आम्हाला नूडल्सच द्या."

आम्ही ओशाळलो. मुलांवर ओरडणार, तोच फुफींनी अडवलं. "त्यांना कशाला बोलता? माझ्या फळीवरही पाकिटं आहेत. गुडघे दुखायला लागले की मीसुद्धा तेच उकळते."

विषय बदलावा म्हणून आम्ही जुन्या दिवसांचं कौतुक सुरू केलं. पाट्यावरचं वाटण, चुलीवरची तांदळाची भाकरी! फुफी हसल्या. "चव तुम्हाला आठवते. पाट्यावर राबणारे हात कुणाचे होते? अम्माची मनगटं सुजायची. भाईंनी आखातातून पैसे पाठवले, घरात मिक्सर आला, तेव्हा तिनं अल्हम्दुलिल्लाह म्हटलं होतं."

"मग बिघडलं कुठे?" आम्ही विचारलं.

"पूर्वी एक माणूस यायचा राहिला तरी थाळा झाकून ठेवायचो. आता कुणी कुणासाठी थांबत नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बिस्मिल्लाह म्हणून एकत्र जेवण्यात बरकत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एकत्र बसायचं तर स्वयंपाकघरात एकटी बाईच का राबावी? आपले प्यारे नबी (स.) घरकामात हातभार लावत असत, हेही आपण ऐकलेलं असतंच. ते मात्र आपण सोयीनं विसरतो.

त्या संध्याकाळी आम्ही पुरुषांनी नारळ खवले. मुलांनी तांदूळ धुतले. दुसऱ्या दिवशी वाट्यांमध्ये पीठही त्यांनीच ओतलं, थोडं सांडलंही. काही सांदणं वाकडी फुगली. "ते माझं!" म्हणत मुलांनी तीच आधी उचलली. नूडल्सची आठवण कुणाला झाली नाही.

मुंब्र्याला परतल्यावर पाकिटं काही सुटलेली नाहीत. रोज सांदण करणं आम्हाला जमणार नाही. पण इशानंतर एक दस्तरखान अंथरायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि आज कांदा कोण चिरणार, भांडी कोण घासणार याची पाळी लावायची, एवढं ठरलं आहे. पाव बेकरीचा असतो, मसालाही तयारच असतो.

ज्याला उशीर होतो, त्याच्या वाट्याचं ताट मात्र झाकून ठेवतो. आणि कुणीतरी त्याच्यासाठी थांबतं.