नाक्याच्या अलीकडे खुला, पलीकडे राखीव

मतदारसंघाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोनच प्रश्न येतात. उमेदवार कोण? युती कुणाशी? मतदारसंघाची हद्द कुणी आखली आणि ती कुठून गेली, हे कुणी विचारत नाही. आम्ही कनेरगाव नाक्याच्या भागातली माणसं. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं हे गाव. इथून पुढे वाशीम जिल्हा सुरू होतो, त्यामुळे हद्द आम्हाला रोज दिसते.

ही हद्द जुनी आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तेव्हापासून वाशीम एका राज्यात आणि हिंगोली दुसऱ्या राज्यात. देश स्वतंत्र झाला तरी हिंगोली निजामातून सुटायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हिंगोलीने मत दिलं हैदराबादच्या विधानसभेसाठी, तर वाशीमने मध्य प्रदेशच्या. दोन्ही भाग एका राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ ला. पुढे वाशीम अकोल्यातून निघून १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला आणि हिंगोली परभणीतून निघून १९९९ मध्ये.

आमची सोयरीक दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे, जयंती दोन्हीकडे. मतदान मात्र वेगळं. हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. तिन्ही खुले. पलीकडचा वाशीम अनुसूचित जातीसाठी राखीव. बस बदलायची गरज नाही, त्याच रस्त्यावर एकाच समाजाचा माणूस इकडे नुसता मतदार असतो आणि तिकडे उमेदवार होऊ शकतो.

कागदावर इकडेही उभं राहता येतं, कुणी अडवत नाही. पण हिंगोलीचं बघा. १९९९ पासून आमदार दोनच. काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर तीन वेळा, मग २०१४ पासून भाजपचे तानाजी मुटकुळे तीन वेळा. पक्ष बदलला, तिकीट कुणाला द्यायचं याचा हिशोब तोच राहिला. त्या हिशोबात आम्ही फक्त ‘गठ्ठा’ म्हणून येतो. लोकसभेला २०१९ आणि २०२४ मध्ये हिंगोलीत वंचित बहुजन आघाडीला प्रत्येक वेळी दीड लाखाच्या वर मतं पडली. दोन्ही वेळा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर. दीड लाख लोकांना काय हवंय हे विचारायला कुणी आलं नाही. ‘मतं खाल्ली’ एवढं ऐकवायला मात्र सगळे आले. जणू ती मतं दुसऱ्या कुणाच्या ताटातली होती.

मग पलीकडे सुख आहे का? तसंही नाही. वाशीममधून २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीन वेळा भाजपचे लखन मलिक निवडून आले. २०१९ मध्ये वंचितचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता, म्हणजे आपली ताकद तिथे दिसली होती. २०२४ मध्ये पक्षाने मलिकांचं तिकीट कापलं, दुसरा उमेदवार दिला आणि जागा पुन्हा जिंकली. आमचा राग मलिकांवर नाही. तीन वेळचा आमदार एका यादीत बाजूला होतो, याचा अर्थ ती खुर्ची आपल्या समाजाच्या नावावर असली तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

बाबासाहेबांना हे आधीच दिसलं होतं. स्वतंत्र मतदारसंघ मागितले ते त्यासाठीच. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात जागा वाढून १४८ झाल्या, पण मतदार संयुक्त झाले. आपल्याकडे जागांचा आकडा पाठ असतो, करारातली दुसरी गोष्ट विसरली जाते. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांचं पॅनल निवडायचं आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक निवडायचा, अशी प्राथमिक निवडणूक त्यात होती. ती दहा वर्षांपुरतीच होती. ती संपली आणि समाजाच्या हातातली चाळणी गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काजरोळकरांनी खुद्द बाबासाहेबांना १४,५६१ मतांनी हरवलं, तेही राखीव जागेवर.

आज राज्याच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. कोणती जागा राखीव, हे सीमांकन आयोग ठरवतो. अनुसूचित जातींचं प्रमाण तुलनेने जास्त हवं आणि जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत हव्यात, हे निकष कायद्यात आहेत. सध्याची आखणी २००१ च्या जनगणनेवर झाली. पुढच्या आखणीत हिंगोली, वाशीम दोन्ही बदलू शकतात. मसुदा जाहीर झाला की हरकती मागवतात. तेव्हा पुढारी गावांच्या याद्या घेऊन पोहोचतात आणि आपण निवेदनाचा मथळा काय असावा यावर भांडत बसतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. गावनिहाय आकडे आतापासून काढा. आणि चाळणी कुणी परत देणार नसेल तर आपणच लावू. जिल्हा परिषद असो की विधानसभा, कुणाच्या दारात तिकीट मागायला जाण्याआधी समाजाने आपसात मतदान करून एक नाव ठरवायचं.

पलीकडच्या आमच्या पाहुण्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, आपल्यात चार गट, चौघांचे चार उमेदवार, कोण कुणाचं ऐकणार? ठीक आहे, चार तर चार. पॅनलही चौघांचंच होतं. चौघांनी विहारात यावं, पेटी ठेवावी, बायाबापड्यांसकट सगळ्यांनी मत टाकावं, आणि हरलेल्या तिघांनी फॉर्म भरायचा नाही हे मतदानाआधीच लिहून द्यावं.