मातीच्या विहिरीतील मार्जार

स्पेन देशाची राजधानी माद्रिद. तिच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर तोर्रेहोन दे वेलास्को नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाजवळच्या टेकडीला सेर्रो दे लोस बाताल्योनेस असे म्हणतात. नाव उच्चारताना जिभेला थोडी कसरत करावी लागते; टेकडी मात्र अगदी साधी आहे. वाटसरूने थांबून मान वळवून पाहावे असे तिच्यात काही नाही. तिचे सारे वैभव तिच्या पोटात आहे.

त्या पोटात सेपिओलाइट नावाची फिकट रंगाची, वजनाला हलकी अशी माती आहे. पाणी शोषून घेण्याचा तिचा गुण विलक्षण. म्हणून तिला मोठी मागणी असते. तिचे अनेक उपयोग आहेत. त्यांतला एक ऐकून हसू येईल. युरोपातील घरांतून पाळलेली मांजरे आपले नैसर्गिक विधी ज्या तबकांत उरकतात, त्या तबकांत ही माती पसरतात. मांजरांच्या सोयीसाठी माणसांनी माती खणायला घ्यावी, आणि त्याच मातीतून मांजरांचे दूरचे भाऊबंद बाहेर यावेत, हा योगायोग मोठा मौजेचा म्हटला पाहिजे.

तो योगायोग घडला जुलै १९९१ मध्ये. खाणकाम चालू असताना यंत्राने मातीचा एक थर बाजूला सारला, आणि आत हाडे दिसू लागली. एक-दोन नव्हेत, हाडांची रासच होती. यंत्राचे पाते आणखी काही वेळ तसेच फिरत राहिले असते, तर नव्वद लाख वर्षे जपून राहिलेला तो ठेवा घटकाभरात भुगा होऊन गेला असता. परंतु हाडांची वार्ता जाणकारांपर्यंत पोहोचली. माद्रिद येथील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयातील शास्त्रज्ञ होर्हे मोरालेस व त्यांचे सहकारी कामाला लागले. जिथे यंत्राची धडधड होती, तिथे आता बारीक हत्यारे आणि कुंचले आले.

हाडे जसजशी मोकळी होऊ लागली, तसतसे एक कोडे उभे राहिले. कोणत्याही रानात तृणभक्षक प्राणी पुष्कळ आणि त्यांना खाणारे थोडे, असेच प्रमाण असते. हरणांचे कळप असतात, वाघांचे नसतात. मग त्या रानातील हाडे कोठे गाडली गेली, तर त्यांतही हरणांचीच हाडे अधिक सापडावीत. येथे सारेच उलटे! मोठ्या सस्तन प्राण्यांची जी हाडे या जागी निघाली, त्यांतली शंभरांत अठ्ठ्याण्णव मांसभक्षकांची होती. शिकारीच शिकारी, आणि शिकार जवळजवळ नाहीच. एवढे शिकारी एका ठिकाणी मरून पडले तरी कसे?

उत्तर त्या मातीनेच दिले. जमिनीतील भेगांतून पावसाचे पाणी खाली झिरपत असे. झिरपता झिरपता ते मऊ माती आपल्याबरोबर वाहून नेई. अशा रीतीने जमिनीच्या आत पोकळ्या तयार झाल्या, त्या वाढत गेल्या, आणि एके दिवशी वरचे छत खाली कोसळले. उघड्या माळावर तोंड पसरलेली एक खोल विहीर तयार झाली. तिच्या भिंती उभ्या आणि निसरड्या होत्या. आत जाणे सोपे होते. वर येणे अशक्य.

तृणभक्षक प्राणी अशा जागेपासून चार पावले दूरच राहिले असावेत. पण चुकून एखादा प्राणी आत पडला, मेला, आणि त्याचा वास सुटला म्हणजे काय होणार? वाऱ्यावर आलेला तो वास भुकेल्या शिकाऱ्याला सोडवत नसे. कडेवर उभे राहून तो खाली पाही. समोर आयते अन्न दिसे. पळणे नको, दबा धरणे नको, झुंज नको. तो उडी घेई. त्याचे पोट भरे खरे. परंतु मग भिंतीवर पंजे घासत राहणे एवढेच त्याच्या हाती उरे. काही दिवसांनी तोही मरे, आणि त्याचा वास पुढच्या शिकाऱ्याला बोलावून आणी. अमेरिकेतील लॉस एंजलीस शहरात डांबराची जी प्राचीन डबकी आहेत, तेथेही फार पुढच्या काळात असेच घडले. तेथे शिकारी डांबरात रुतले, येथे मातीच्या विहिरीत अडकले.

या विहिरीने ज्यांना गिळले, त्यांत एका प्राण्याची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. प्रोमेगांटेरिऑन हे त्याचे नाव. आकाराने तो आपल्याकडील बिबट्याएवढा होता. तलवारीसारख्या सुळ्यांची जी मार्जारे पृथ्वीवर होऊन गेली, त्यांतल्या आद्य प्रजातींपैकी ही एक. या मार्जारांना पुष्कळ लोक ‘तलवारदंती वाघ’ म्हणतात; ते बरोबर नाही. वाघ, सिंह आणि घरातील मनी ही मार्जारकुलाची एक शाखा, आणि हे खड्गदंती दुसरी. ही दुसरी शाखा आज समूळ वठली आहे.

विद्वानांना हा प्राणी अगदीच अपरिचित नव्हता. १८३२ साली योहान याकोब काउप या जर्मन शास्त्रज्ञाने जर्मनीतील एपेल्सहाइम येथे मिळालेल्या अवशेषांवरून त्याच्या जातीला नाव दिले. पुढे १९३८ मध्ये मिक्लोश क्रेत्झोई या हंगेरियन शास्त्रज्ञाने ‘प्रोमेगांटेरिऑन’ हे प्रजातीचे नाव योजले. मेगांटेरिऑन या पुढच्या काळातील खड्गदंतीच्या आधीचा, असा त्याचा अर्थ. नंतर अनेकांनी त्याला दुसऱ्याच एका प्रजातीत घातले. कोणाचे म्हणणे खरे हे ठरवायला पुरावा तुटपुंजा होता. दातांच्या नि जबड्यांच्या तुकड्यांवरून किती भांडणार? बाताल्योनेसच्या विहिरीने मात्र कवट्या, मणके, पाय, पंजे असे सारे अंगच पुढे ठेवले. मानुएल सालेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा कसून अभ्यास केला आणि २०१० मध्ये प्रोमेगांटेरिऑनला त्याचे स्वतंत्र आसन परत मिळवून दिले.

या अभ्यासातून त्या सुळ्यांची खरी ओळख पटली. बिबट्याचा सुळा गोलसर आणि भक्कम असतो. भक्ष्याचा गळा धरून बिबट्या कित्येक मिनिटे लटकून राहतो. भक्ष्य हिसके देते, तडफडते, पण सुळा टिकतो. खड्गदंतीचा सुळा दोन्ही बाजूंनी चपटा असे. सुरीसारखा तो मांसात चटकन उतरे आणि गळ्यातील रक्तवाहिन्या क्षणात तोडी. परंतु सुरीचा दोषही त्यात होता. सुरी आडवी पिळली की मोडते. हाडावर आदळला किंवा धडपडणाऱ्या प्राण्याने हिसडा दिला, तर हा सुळा मोडण्याचे भय. आणि माणसाला जसा वैद्य भेटतो, तसा रानात कोण भेटणार? मोडलेला सुळा पुन्हा उगवत नाही.

तेव्हा अशा दाताला तशाच हातांची जोड हवी. प्रोमेगांटेरिऑनचे पुढचे पाय त्याच्या आकाराच्या मानाने फार बळकट होते, आणि अंगठ्याची नखी चांगली मोठी होती. भक्ष्याला खाली पाडून, घट्ट दाबून, निश्चल करून मगच तो मानेला जोर देऊन दात चालवी. लोकांना लांब सुळ्यांचे कौतुक वाटते. पण सालेसांच्या अभ्यासाचा मथितार्थ लक्षात घेतला तर निम्मे कौतुक त्या पंजांना द्यावे लागेल. सुळे तर त्याच्या वंशजांच्या मानाने बेताचेच होते.

मग असा नाजूक दात निसर्गाने वाढू तरी का दिला? एखाद्याला वाटेल, मोठमोठी जनावरे मारण्यासाठी. या शास्त्रज्ञांना तसे वाटत नाही. त्यांच्या मते खरा लाभ वेळेचा होता. भक्ष्य जितके लवकर मरेल, तितकी त्याच्या खुरांची लाथ बसण्याची भीती कमी आणि शक्तीचा व्ययही कमी. शिवाय त्या रानात मॅकायरोडस नावाचा दुसरा खड्गदंती वावरत होता. तो सिंह-वाघाच्या तोडीचा. अस्वल आणि कुत्रा या दोहोंची आठवण करून देणारा मॅगेरिसिऑन हाही तेथेच होता. अशा दांडग्या शेजाऱ्यांच्या रानात झटापट लांबवणे परवडणारे नव्हते. मारावे, खावे, आणि कोणी मोठा आलाच तर झाडावर चढावे, हेच शहाणपणाचे. या विहिरीत सापडलेला सायमोसिऑन नावाचा, आजच्या लाल पांडाचा नातलग, हाही झाडावर चढणाराच होता. त्याच्या पंजात तर फांदी पकडण्यासाठी मनगटाच्या हाडाचा एक जादा ‘अंगठा’ होता.

या विहिरीतील प्रोमेगांटेरिऑनमध्ये अगदी लहान पिल्ले फारशी नाहीत. नुकतीच वयात आलेली जनावरे मात्र पुष्कळ आहेत. हे वाचून मन थोडे थबकते. ही जनावरे आईच्या पाठीमागून चालण्याच्या वयाची राहिली नव्हती आणि रानाच्या खाचाखोचा ओळखण्याइतकी मुरलेलीही नव्हती. अंगात बळ होते, पोटात भूक होती, आणि खाली अन्न दिसत होते. शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. नर आणि मादी यांच्या आकारांत फरक फार थोडा आहे. जेथे नर एकमेकांशी सतत झुंजतात, तेथे ते माद्यांहून बरेच मोठे होतात. मॅकायरोडसमध्ये तसे दिसते. यावरून प्रोमेगांटेरिऑनचे प्रौढ आपल्या मुलखात तरुणांना काही काळ राहू देत असावेत, असा तर्क निघतो. म्हणजे एकाच मुलखातील बरेच तरुण एकामागून एक त्याच काठावर आले असतील.

त्यांच्या वंशाची पुढची कथा लांबवर पोहोचते. ज्याच्या नावावरून त्यांचे नाव पडले, त्या मेगांटेरिऑनचे अवशेष युरोप-आफ्रिकेप्रमाणे आपल्या शिवालिक टेकड्यांतही मिळाले आहेत. अमेरिकेतील स्मायलोडॉन हा त्याच घराण्यातला. त्याचे सुळे वीतभर लांबीचे होते, आणि तो दहा-एक हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता.

बाताल्योनेसची विहीर मात्र त्याच्या कितीतरी आधी भरत आली. पावसाने आणलेली माती थरावर थर बसत गेली आणि खोली कमी कमी होत गेली. शेवटी तेथे पाण्याचे एक उथळ तळे तेवढे राहिले. खालच्या थरांत ज्यांचा जवळजवळ पत्ता नव्हता, त्या तृणभक्षकांची हाडे या वरच्या थरात मिळतात. आता काठ उतरून आत जाता येत होते आणि परतही येता येत होते. खाली हातभर मातीत खड्गदंती निजले होते, आणि वर येऊन तीन खुरांचे लहानखुरे घोडे निर्धास्तपणे पाणी पीत होते.