डोंगराकडून समुद्राकडे

परक्या शहरात तुमच्या हाताशी एकच दिवस असेल, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी करतात आणि दिवसभर धापा टाकत एकेक नाव खोडत जातात. संध्याकाळी पाय तेवढे दुखतात. पाहिलेले फारसे आठवत नाही. जपानमधील कोबे शहरासाठी माझ्याकडे असाच एक दिवस होता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि वार शुक्रवार. तो दिवस मी कसा आखला, ते सांगतो. पुढेमागे तुम्ही तिकडे गेलात, तर उपयोगी पडेल.

सर्वांत आधी नकाशा पाहा. उत्तरेला रोक्को डोंगराची रांग, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोबेचे जुने शहर. वस्ती सुमारे पंधरा लाखांची; पण डोंगराच्या पायथ्यापासून बंदरापर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. तिथले लोक वाट सांगताना उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत. 'डोंगराच्या बाजूला', 'समुद्राच्या बाजूला' असे म्हणतात. मला ही पद्धत फार आवडली. तिने माझे अर्धे कामही करून टाकले. सकाळी डोंगर पाहायचा आणि संध्याकाळी समुद्र! पाय थकू लागतात, तेव्हा रस्ता उताराचा असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आपला दिवस नमाजांच्या वेळांनी आधीच वाटून दिलेला असतो. प्रवासात ही अडचण आहे असे काहींना वाटते. मला तर तो आधार वाटला. जुम्याची नमाज मशिदीत पढायची, हे ठरताच दुपार पक्की झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य पाचच्या आतच मावळतो, म्हणून मगरिब बंदरावर. मग मधल्या वेळेत काय बसते, तेवढेच पाहायचे राहिले.

आता काय गाळायचे? हिमेजीचा सुंदर पांढरा किल्ला जवळच आहे, तोही त्याच दिवशी पाहून घ्या, असे मला अनेकांनी सुचवले. पण किल्ल्याला अर्धा दिवस हवा. तो मी गाळला. १९९८ साली खुला झालेला आकाशी सामुद्रधुनीवरचा प्रचंड झुलता पूलही गाळला. मन थोडे खट्टू झाले, हे खरे.

ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत सान्नोमिया स्टेशन येते. तिथून भुयारी रेल्वेने पुढचेच स्टेशन शिन-कोबे. या स्टेशनाच्या पाठीमागे पायवाट झाडीत शिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही त्रेचाळीस मीटर उंचीच्या नुनोबिकी धबधब्यासमोर उभे असता. मागे वेगवान शिनकानसेन गाड्यांची ये-जा आणि पुढे पाण्याचा आवाज! येथे सकाळी लवकर जा, गर्दी नसते.

धबधब्याकडून कितानो भागाकडे वळा. १८६८ साली कोबेचे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले. त्यानंतर परदेशी व्यापाऱ्यांनी या उतारावर आपापल्या धाटणीची घरे बांधली. १९०९ साली एका जर्मन व्यापाऱ्यासाठी बांधलेल्या लाल विटांच्या घरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आहे. सगळी घरे आतून पाहू नका. तिकिटांत पैसे जातात आणि मेज-खुर्च्या सगळीकडे सारख्याच. पण जवळच्या फिक्या हिरव्या घराच्या बागेत अवश्य डोकवा. तेथे विटांचे एक धुराडे जमिनीवर पडलेले दिसेल. ते १९९५ च्या भूकंपात छपरावरून कोसळले, आणि लोकांनी ते तसेच ठेवले आहे. याच वस्तीत भारतीयांनी बांधलेले संगमरवरी जैन मंदिरही आहे.

दुपारी मशीद. दोन मिनार आणि घुमट असलेली ही इमारत १९३५ साली उभी राहिली. जपानमधील ही पहिली मशीद. रशियातील क्रांतीनंतर आश्रयाला आलेले तातार आणि कोबेत व्यापार करणारे भारतीय मुसलमान यांनी वर्गणी काढली. आराखडा एका चेक वास्तुविशारदाने केला आणि बांधणारे हात जपानी होते. १९४५ च्या बाँबहल्ल्यांत आजूबाजूचा परिसर जळून गेला. मशीद उभी राहिली. पन्नास वर्षांनी भूकंप झाला. तेव्हाही ती उभी राहिली. नमाजानंतर मी भिंतीला हात लावून पाहिला. जाड, थंड काँक्रीट! बांधणाऱ्यांनी कामात कसर केली नव्हती.

जेवण मशिदीच्या आसपासच करून घ्या. तिथे हलाल पदार्थांची दुकाने आहेत. इतरत्र जपून राहावे लागते. साध्या नूडल्सच्या रश्शातही डुकराच्या हाडांचा अर्क असू शकतो आणि स्वयंपाकात 'मिरिन' नावाचे तांदळाचे गोड मद्य सर्रास वापरतात.

यानंतर सरळ समुद्राकडे उतरा. सान्नोमिया आणि चिनी लोकांचा बाजार ओलांडला, की मेरिकेन बाग लागते. डमरूसारखा, मधे बारीक असलेला लाल मनोरा दुरूनच दिसतो. तो १९६३ साली बांधला, उंची १०८ मीटर. वर जायला तिकीट आणि रांग. मी खालूनच पाहिला. मला वेळ हवा होता तो बागेच्या काठावरच्या साठेक मीटर लांबीच्या तुटक्या धक्क्यासाठी.

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे पाच वाजून सेहेचाळीस मिनिटे. वीसेक सेकंद धरणी हादरली. ६,४३४ माणसे मरण पावली. जपानमधील एक मोठे बंदर मोडून पडले. पुढे सगळे धक्के दुरुस्त झाले. हा एवढा तुकडा मात्र मुद्दाम जसाच्या तसा राखला आहे. फरशा उखडलेल्या, काठ पाण्यात खचलेला, दिव्यांचे खांब वाकडे. ज्यांच्या घरी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण निघते, त्यांना येथे फार समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या शेजारी एक जपानी आजोबा नातीला बोटाने काहीतरी दाखवत होते. भाषा कळली नाही. मुलगी एकदाही हसली नाही.

बंदराचे मुंबईशी जुने नाते आहे. १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीने जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबईची जहाजवाहतूक सुरू केली. आपला कापूस त्या वाटेने जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला.

असरची नमाज मी हिरवळीवर रुमाल पसरून पढलो. किब्ला शोधायला होकायंत्र लागले नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवला, की तोंड पश्चिमेला होते. मग किंचित डोंगराकडे वळायचे, एवढेच.

सूर्य मावळला आणि मनोऱ्यावर दिवे लागले. तुम्ही मगरिब पढून थोडे बसा, मग डोंगराची बाजू धरून चालू लागा. पंधरा-वीस मिनिटांवर मोतोमाची स्टेशन आहे. तिथून सान्नोमियाला या आणि ओसाकाची वेगवान गाडी पकडा. रात्री त्या गाडीत बसायला जागा मिळणे कठीण, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.