पत्र्यावरचा प्रेक्षक

नरसी नामदेवच्या मंदिरात भजन जरा थांबलं होतं, तेवढ्यात पखवाज वाजवणाऱ्या पोराचा फोन वाजला. धून लगेच ओळखू आली. ‘कॅप्टन व्योम’! पोराचा जन्म त्या मालिकेच्या कितीतरी नंतरचा. ‘पप्पांनी टाकून दिली,’ म्हणाला, आणि पुन्हा पखवाजाकडं वळला.

मालिका दूरदर्शनवर आली 1998 साली. केतन मेहतांचं दिग्दर्शन, व्योम झालेला मिलिंद सोमण, आणि त्यानं ग्रहांमागून ग्रह पालथे घालत शोधलेले बारा फरार गुन्हेगार. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातले. आमचा हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999ला.

वीज नेमकी त्याच वेळी जायची. मग काका ट्रॅक्टरची बॅटरी सोडवायचे. दोघांनी मिळून ती घरात आणायची, जपून, कारण आतलं पाणी चड्डीवर सांडलं की भोक पडायचं. लाल चिमटा, काळा चिमटा, आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही उजळायचा. एकजण पत्र्यावर, अँटेनाचा दांडा धरून.

‘आलं का?’

‘मुंग्या!’

‘आता?’

‘जरा कयाधू नदीकडं फिरव!’

आजी वाती वळता वळता विचारायची, ‘ह्यो कोन्या गावचा रे?’

‘वरचा,’ आम्ही सांगायचो. तिला ते पटायचं.

पत्र्यावरच्याला काहीच दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याला सगळी गोष्ट सांगायची, आणि सांगता सांगता यान मोठं व्हायचं, गुन्हेगाराला आणखी दोन हात फुटायचे. खरी मालिका त्यानंच पाहिली, असं मला आजही वाटतं. सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागे. काका कधी रागावले नाहीत.

गावातली बरीच पोरं ‘शक्तिमान’वाली. मला मात्र व्योमच आवडला. त्याच्याकडं सिद्धी नव्हती; यान होतं, सोबती होते, आणि ठाऊक नसलेल्या ठिकाणी जायची तयारी होती. संगणकावर केलेली ती दृश्यं आज कच्ची दिसतात. दिसू देत. आपल्या माणसाला अवकाशात धाडायचं धाडस त्यांत होतं.

लांब जाण्याचं नरसीला काय अप्रूप? इथं जन्मलेले नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. औंढ्याला त्यांच्या कीर्तनासाठी नागनाथाचं देऊळच फिरलं, ही कथा इथलं लहान पोरही सांगतं. त्याच औंढ्याच्या परिसरात आता गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहायची आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक 4 किलोमीटर लांब, आत लेसर. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्या धक्क्यानं अवकाश प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी कमी हलतं, ते इथं मोजायचं. असा तरंग पहिल्यांदा पकडला अमेरिकेतल्या लायगोनं, 14 सप्टेंबर 2015 रोजी. आपल्या प्रकल्पाला केंद्रानं 2023 साली मंजुरी दिली. खर्च 2,600 कोटी रुपये.

नरसीहून औंढ्याला दर्शनाला जाल, तेव्हा पोरांना हे सगळं सांगा. आणि दूरदर्शननं ‘कॅप्टन व्योम’ पुन्हा एकदा दाखवावी, पोरांच्या सुट्टीत, सगळे भाग, ओळीनं.