एकुलती एक प्रत

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा
आषाढ

चि. सुयोग यास,

ताईचा फोन आला होता. तू ऑनलाइन लिलावातून इंग्रजी सिनेमांच्या सीलबंद व्हीएचएस कॅसेटी घेतोयस आणि सील न तोडता काचेच्या कपाटात मांडणार आहेस, असं ती काळजीनं सांगत होती. तुझा निरोपही तिनंच दिला, की मामाला विचार, या नादात पैसे घालावेत का? विषय माझ्या जिवाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जमव. पण आधी चालू स्थितीतलं मशीन घे आणि त्यात कॅसेट लावून बघ. शक्य झालं तर वरचं झाकण काढून बघ. कॅसेट आत सरकून खाली बसते, तिची पुढची झडप उचलली जाते आणि दोन बारीक खांब फीत बाहेर ओढून चकचकीत ड्रमभोवती गुंडाळतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि फीत मात्र सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर पुढे जाते. तीन तासांच्या कॅसेटीत अशी सुमारे २५८ मीटर फीत असते, रुंदी अर्धा इंच. ड्रम तिरका बसवलेला असल्यामुळे चित्राच्या रेघा फितीवर तिरक्या उमटतात, म्हणून इतक्या हळू सरकणाऱ्या फितीत हलतं चित्र मावतं. १९७६ साली जपानच्या जेव्हीसीनं ही व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. मला त्या यंत्राचा मनापासून आदर वाटतो. कपाटातल्या सीलबंद डब्याकडे बघून तो वाटणार नाही.

तुझ्या पिढीला त्या काळाची ओढ का वाटते, तेही मला कळतं. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला. आमच्याकडे तो विकत घेणारं घर विरळाच. बारसं, गणपती असलं की टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे. भाडं सकाळपर्यंतचं, म्हणून कुणी झोपायचं नाही. पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा आणि मागून दहाजण सूचना द्यायचे. सगळ्यांनी मिळून बघणं हे त्या यंत्रासोबतच आलं होतं, कारण यंत्र एकच होतं.

आता खर्चाची बाजू. शेवटचे व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीनं बनवले आणि २०१६च्या जुलैत तेही थांबवले. बीटामॅक्स या दुसऱ्या पद्धतीच्या कोऱ्या कॅसेटी सोनीनं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंद केल्या. म्हणजे जेवढी मशीनं आज आहेत तेवढीच. त्यांचे रबरी पट्टे सैल पडतात, दाबरोलर टणक होतो, हेड झिजतं, आणि सुटा भाग हवा असेल तर दुसरं मशीन फोडावं लागतं. शिवाय आपला पावसाळा! कॅसेटीच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की समज, बुरशी लागली. तशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घातलीस तर हेड चोंदतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. मी त्यासाठी एक पडीक मशीन वेगळं ठेवलंय. तळहातावर कॅसेट घेऊन पाच पेच काढायचे, रीळ मोकळं करायचं आणि कोरड्या मऊ कापडानं फीत हळूहळू पुसायची. घाई केली की फीत मुडपते, आणि मुडपलेल्या जागी चित्र फाटतं ते कायमचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट-ध्वनी संग्रहालयानं २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५पर्यंत ज्या फितींची डिजिटल प्रत निघणार नाही त्या बहुतेक हातच्या गेल्या म्हणून समजा. वातानुकूलित कोठारं असणाऱ्यांची ही भाषा. आपल्या पत्र्याच्या माळ्यावरच्या कॅसेटींचं काय होत असेल, तूच बघ.

म्हणूनच सीलबंद हॉलिवूडपटांवर तुझे पैसे जाताना बघून जीव तुटतो. त्या सिनेमांच्या लाखो कॅसेटी निघाल्या, त्यांची निगेटिव्ह सांभाळणारे स्टुडिओ आहेत. जगात एकच प्रत आहे, अशी कॅसेट आपल्या गावोगावी पडून आहे आणि तिला भंगारवाला किलोचा भाव देतो.

आपल्या भागातल्या लग्नाच्या शूटिंगचंच घे. शूटिंगवाल्याकडे कच्ची कॅसेट असायची आणि घरच्यांना मिळायची ती मिक्सिंग केलेली. मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी यायचे, गुलाब फिरायचे आणि सगळ्यावर हिंदी गाणी चढवलेली असायची. मंगलाष्टकांपुरता खरा आवाज राहायचा, बाकी पुसला जायचा. हळदीला बायका जी गाणी म्हणायच्या, ज्यात व्याह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार असायचा, ती कच्च्या कॅसेटीतच उरायची. आणि शूटिंगवाला ती पुढच्या लग्नाला परत वापरायचा. घरच्या कॅसेटींचीही तीच गत. पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली की कॅसेटीवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, पण त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की होतं. अशी टेप लावून बारशावर पिक्चर घेतलेल्या कॅसेटी मला किती तरी मिळाल्या.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एक बाई आल्या होत्या. वडिलांचा आवाज कुठे सापडतो का, एवढंच त्यांचं म्हणणं. घरच्या कॅसेटीत वडील पंगतीत फिरताना दिसत होते, वर गाणं वाजत होतं. बंद झालेल्या एका स्टुडिओतून मी उचललेल्या खोक्यात त्याच लग्नाची कच्ची कॅसेट निघाली. वडील वाढप्यावर ओरडत होते, "अरे, बुंदी या ओळीला आलीच नाही!" बाईंनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मागे नागपूर रोड दिसत होता, रुंदीकरणाच्या आधीचा, दोन्ही बाजूंना कडुनिंब असलेला.

सिनेमाचंही असं होतं. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, तोही साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. त्याचं निगेटिव्ह कधी नव्हतंच, मूळ म्हणजे फीत. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तिथेही २००३च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. इतकी मोठी संस्था जिथे पुरी पडत नाही, तिथे गावोगावच्या कॅसेटी कुणी सांभाळायच्या?

व्हीसीडीकडेही लक्ष दे. फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी १९९३ साली तिचं मानक ठरवलं, पण वाढली ती आशियात, अमेरिकेनं तिला जवळही केलं नाही. एका तबकडीत ७४ मिनिटं, म्हणून पिक्चर दोन तबकड्यांत, लांबलचक हिंदी असेल तर तीन. २००७च्या सुमारास मोझर बेअरनं ती २८ रुपयांना विकली तेव्हा बसस्टँडच्या टपरीवर तमाशा, कीर्तन, अहिराणी विनोद यांचे ढीग लागले. चित्र धुरकट, पण त्यात रेकॉर्ड झालेले कलावंत दुसरीकडे सापडायचे नाहीत. परदेशी संग्राहक तिला हात लावत नाहीत, त्यामुळे ती अजून स्वस्त आहे. घरी बर्न केलेली निळसर-हिरवट तबकडी मात्र आधी कॉपी कर, तिचा रंगद्रव्याचा थर उन्हानं विटतो.

एक पथ्य पाळ. दुसऱ्याच्या घरची कॅसेट यूट्यूबवर टाकू नकोस. त्यातली जोडपी कधी विभक्त झालेली असतात, कुणी लवकर गेलेलं असतं. घरच्यांना पेनड्राइव्हवर प्रत दे, त्यांनी परवानगी दिली तरच पुढे. आणि ढीग वाढवत सुटू नकोस. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्याला आडवाट नाही. जेवढं उतरवून होईल तेवढंच घरात आण, नाहीतर तुझ्याकडे येऊन कॅसेट कुजली एवढाच फरक पडेल.

पोळ्याला येशील तेव्हा त्या सीलबंद कॅसेटी विकून आलेल्या पैशांतून एक बरं कॅप्चर कार्ड आण, पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीचं. खोक्यात अजून बऱ्याच कच्च्या कॅसेटी बघायच्या राहिल्यात, त्यातली एक तुझ्या आईच्या लग्नाची असावी असा मला संशय आहे. तिला आत्ता काही बोलू नकोस, बुरशी किती खोल गेलीय ते आधी बघू. येताना सिलिका जेलची पाकिटंही आण, इथे मोठी मिळत नाहीत.

तुझा,
मामा