सातवी जागा

‘‘तुम्हा पुण्याच्या लोकांशी आमचं जुनं भांडण आहे बरं का!’’ त्या निवृत्त मास्तरांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवले.

मला वाटले, आता व्यंकोजीराजांपासून सुरुवात होणार. थोरल्या जाऊबाईंचे माहेर तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमचे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचा अंमल राहिला. त्या काळात तिकडे गेलेल्या आणि तिकडचीच होऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी हे एक घर. आपल्या कानाला जुनी वाटणारी, मध्येच तमिळ हेल घेणारी त्यांची मराठी ऐकत राहावीशी वाटते. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, सहस्रचंद्रदर्शन होते. त्यासाठी आम्ही सगळे मे २०२५ च्या अखेरीस तिकडे गेलो होतो.

पण मास्तरांचे भांडण इतके जुने नव्हते. ते होते डिसेंबर २०२२ मधले. प्रो कबड्डीच्या उपांत्य सामन्यात पुणेरी पलटणने तमिळ थलैवाज संघाला अवघ्या दोन गुणांनी हरवले होते, आणि ते दोन गुण पापनाशमच्या त्या ओसरीवर अजून कुणी विसरले नव्हते!

आपण ज्याला हुतूतू म्हणत आलो, त्याला तिकडे सडुगुडु म्हणतात. मातीत रेघा आखायच्या, दम धरायचा आणि भिडायचे. त्यामुळे अप्पांच्या घरासमोरच्या ओसरीवर (तिकडे तिला तिण्णै म्हणतात) रोज संध्याकाळी जी बैठक जमे, तिच्यातले बरेचसे मला भाषा न कळताही कळत होते. जे कळत नसे ते जाऊबाई समजावून देत. मास्तर, चहाच्या टपरीचे मालक, भातगिरणीतले एक कारकून आणि चार-पाच तरुण मुले. विषय एकच. ३१ मे आणि १ जूनला मुंबईत खेळाडूंचा लिलाव होता. त्यात आपला संघ कोणाला घेणार?

मास्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे फाडलेले कागद जपून ठेवत. रोज एक कागद उलटा करून त्यावर सात नावे लिहीत. रोज चर्चा होई, नावे खोडली जात, दुसऱ्या दिवशी नवा कागद. चहावाल्यांना अर्जुन देशवाल हवाच होता. २०२२ मध्ये जयपूरला विजेतेपद मिळवून देणारा चढाईपटू! कारकुनांचे म्हणणे, एकाच माणसावर पैसे उधळू नका. प्रत्येक संघाला सगळे मिळून पाच कोटींतच भागवायचे असते.

कारकुनांच्या सावधपणाला कारण होते. २०२२ च्या लिलावात थलैवाजने पवन सेहरावतला दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले. तोवर या स्पर्धेत एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. आणि पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात त्याचा गुडघा दुखावला. हंगाम संपला त्याचा! मग संघाला उपांत्य फेरीपर्यंत कोणी नेले? नरेंदर नावाच्या एका कोवळ्या पोराने. त्याच्यावर बोली लागलीच नव्हती. नवोदित म्हणून संघाने त्याला आधीच निवडून ठेवले होते.

ही गोष्ट मी त्या चार दिवसांत निदान सहा वेळा ऐकली. प्रत्येक वेळी सांगणारा ओसरीच्या कडेला बसलेल्या एका मुलाकडे पाहायचा.

तो शेजारच्या घरातला. वीस वर्षांचा, सडसडीत, कमी बोलणारा. डावा कोपरा सांभाळायचा. चढाईपटूच्या घोट्यावर त्याची पकड बसली की सुटत नाही, असे सगळे सांगत. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले होते. फेब्रुवारीत तो एका निवड चाचणीला जाऊन आला होता. ‘‘कळवतो’’ असे उत्तर घेऊन परतला होता.

मास्तरांच्या कागदावर सहा नावे रोज बदलत. सातवी जागा, डाव्या कोपऱ्याची, ते रोज रिकामी सोडत. तिथे कुणाचे नाव यायचे हे सगळ्यांना ठाऊक होते.

एका संध्याकाळी तो मुलगा जाऊबाईंना घेऊन माझ्याकडे आला. ‘‘अक्का, तुम्ही वर्तमानपत्रवाल्या ना? यादीत माझं नाव आहे का, एवढं बघाल?’’

पत्रकारितेची पदविका घेताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती : आधी खात्री, मग बातमी. मी मुंबईतल्या एका क्रीडापत्रकार मैत्रिणीला फोन लावला. तिने लिलावाची यादी दोनदा चाळली. पाचशेवर नावे होती. संघांनी आधीच निवडलेल्या नवोदितांचीही नावे तिने पाहिली. याचे नाव कुठेही नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाचकहो, ‘कळवतो’ हा शब्द आपल्या घरांना काही नवा नाही. चोविसाव्या वर्षी मीही पोह्यांच्या बशा घेऊन बैठकीच्या खोलीत गेले आहे. पाहुणे उठताना ‘कळवतो’ म्हणून गेले की पुढचे पंधरा दिवस आई फोनच्या आवाजाने दचकायची. आत्या, काकू, शेजारच्या आजी आपापले अंदाज बांधायच्या. ‘‘मुलाच्या आईला पसंत दिसली.’’ ‘‘छे गं, उंचीवरून अडणार.’’ सगळ्यांना त्या अंदाजांत रस होता. अंदाज चुकला तर त्यांचे काहीच जाणार नव्हते. ज्या मुलीविषयी ते चालले होते, ती मात्र आत भांडी विसळत सगळे ऐकत होती.

खेळांच्या जगात तर हे अंदाज बांधणे हाच एक खेळ झाला आहे. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा लंबगोल चेंडूचा फुटबॉल आहे. तिथे १९८६ पासून लिलावाऐवजी पाळीपाळीने निवड होते. साधारणपणे जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली पाळी. अठरा वर्षांची मुले वर्षातून एकदा अशी वाटून घेतली जातात आणि चाहते महिनोन् महिने याद्या करत बसतात. आपल्याकडेही मार्च २००८ मध्ये आयपीएलसाठी एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेटपटूंची अशीच पाळीने निवड झाली होती. दिल्लीने आपल्याच गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतले. कोहली बंगळुरूकडे गेला. जाणकारांचे हे, तर ओसरीवरच्यांचे काय!

पहाटे मी जाऊबाईंना घेऊन नदीकडे गेले. कुडमुरुट्टीचे पात्र कोरडे होते. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात. तोवर सगळा मुलूख पाण्याची वाट पाहत असतो. वाळूत तो एकटाच सराव करत होता. खाली वाकायचे, झेपावायचे, उठायचे. पुन्हा वाकायचे.

मी सरळ सांगितले. असल्या गोष्टी गोल गोल सांगितल्या की जास्त लागतात, हा माझा अनुभव.

‘‘सेरी, अक्का,’’ तो म्हणाला. बरं, एवढेच. पायाला लागलेली वाळू त्याने झटकली. मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘ओसरीवर सांगू नका. दोन दिवस त्यांना वाटू दे.’’

शनिवारी लिलाव सुरू झाला. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. तीस लाखांच्या मूळ किमतीपासून बोली चढत चढत अर्जुन देशवाल एक कोटी साडेचाळीस लाखांना थलैवाजकडे आला आणि चहावाल्यांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला. गंमत म्हणजे त्याच लिलावात पवन सेहरावतही परत आला, साठ लाखांच्या आत! कारकुनांनी कपाळाला हात लावला, पण हसले. त्या सगळ्यांत तो मुलगाही होता. टाळ्या वाजवत होता, कोणाचे पैसे जास्त झाले ते सांगत होता. मी आणि जाऊबाई मात्र एकमेकींकडे पाहायचे टाळत होतो.

रविवारी शेवटच्या गटाची बोली संपली. नऊ लाखांच्या मूळ किमतीची नावे भराभर पुकारली गेली. कित्येकांवर कुणी बोलीच लावली नाही. ओसरीवर एकदम शांतता झाली. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

‘‘पुढच्या वर्षी, सार,’’ तोच म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली, हातातल्या कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

परतायच्या दिवशी मास्तर स्टेशनपर्यंत सोडायला आले. मला राहवले नाही. म्हटले, ‘‘त्याला आधीच कळलं होतं.’’

‘‘मलाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तीस वर्षं मुलांचे निकाल वाचून दाखवलेत मी. निवड झालेल्याचा फोन एप्रिलमध्येच येतो, एवढं मी विचारून ठेवलं होतं. पण तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा. मग मी जागा कशी भरणार?’’

मला माझी आई आठवली. ‘कळवतो’ म्हणून गेलेल्या एका घरून नकाराचे पत्र आले होते. तिने ते आठवडाभर डब्याखाली दडवले होते, कारण माझी परीक्षा चालू होती. पत्र मला पहिल्याच दिवशी सापडले होते. मीही ते तसेच डब्याखाली परत ठेवले होते. आम्ही दोघींनी त्यावर कधी बोलणे केले नाही.

पुढे ऑगस्टअखेर हंगाम सुरू झाला. पवन सेहरावत काही सामन्यांतच संघाबाहेर गेला. आमची पुणेरी पलटण अंतिम सामन्यात दिल्लीकडून हरली, तेव्हा पापनाशमहून मास्तरांचा खास सांत्वनाचा फोन आला. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता!

मग मी त्या मुलाची चौकशी केली. त्याने रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज भरलाय म्हणाले. बहिणीचे लग्न झाले. थोडे कर्जही झाले. पहाटेचा सराव चालू आहे. नदीला पाणी आल्यापासून देवळामागच्या मोकळ्या जागेत करतो.

‘‘आणि तुमचे कागद?’’ मी विचारले.

‘‘नवी दिनदर्शिका येईल ना आता,’’ मास्तर म्हणाले. ‘‘सहा नावांवर भांडणं सुरू झालीसुद्धा.’’